जाळीतला बॉल

"आणि जिंकायचं कसं, ते कधी शिकवणार?" लेस्टरने विचारलं.

त्याला लहानपणापासून फुटबॉल शिकवणारे कथबर्ट मास्तर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

लेस्टर म्हणजे राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कप्तान. कॅरिबियन समुद्रातलं त्यांचं बेट नकाशात चष्मा लावून शोधावं लागे, आणि संघ आठ-आठ गोल खाऊन घरी येई. त्याच संघाने आता घरच्या मैदानावर शेवटचा सामना मारून वर्ल्ड कप गाठला होता. उद्या विमान होतं, म्हणून तो मास्तरांचा निरोप घ्यायला आला होता. सोबत नवी नवरी ओडेसा आली होती. मास्तरांनी अर्ध्या शेंगा तिच्यापुढे सरकवल्या होत्या.

"तुम्ही नुसतं हरणं शिकवलंत," लेस्टर म्हणाला.

"काय शिकवलं, सांग."

"आपल्यावर गोल बसला की जाळीतला बॉल गोलकीपरने काढायचा नाही. कप्तानाने जायचं. बॉल काखेत मारून, मान वर ठेवून मैदानाच्या मध्यावर आणायचा. लोक हसले तरी."

"हसायचे?"

"टाळ्या पिटून हसायचे, मास्तर."

"बरं."

"आता समोर मोठे मोठे देश आहेत. सगळं जग बघणार. तिथे पुन्हा आठ गोल बसले, तर..."

नवऱ्याचा इतका बारीक आवाज ओडेसा पहिल्यांदाच ऐकत होती. एरवी तो घरातही पत्रकार समोर असल्यासारखा बोलायचा.

मास्तरांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"शेवटच्या सामन्यात गोल तूच मारलास ना?"

"मीच." आवाज लगेच जाग्यावर आला.

"त्यांच्या जाळीतला बॉल कोणी काढला?"

लेस्टर हसला. मग हसायचा थांबला.

"कोण जाणे... माझ्या अंगावर आमची सगळी पोरं पडली होती."

"त्यांच्या कप्तानाने," ओडेसा हातातल्या शेंगेकडे बघत म्हणाली. "वयस्कच होता जरा. गोलकीपर वाकला, त्याला याने हातानेच थांबवलं. स्वतः बॉल घेतला आणि सावकाश निघाला. आपल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याने मान काही खाली घातली नाही."

लेस्टर तिच्याकडे वळला.

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तू गोलाची गोष्ट सांगत होतास. ती संपायची आहे अजून."

मास्तरांचे खांदे हसण्याने हलले.

"पोरी," ते म्हणाले, "वर्ल्ड कपला तू जा. जमलं तर यालाही ने."