अलार्म बंद होता

“मग पेटी बंद का पडली, उस्ताद? वीज तर बरोबर होती!”

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. परकार उस्ताद पेटीवर वाकून बघत होते.

उस्ताद म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अडतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झालेत, पण आमच्या तालुक्यात कुठे वायर रुसली की अजून त्यांनाच बोलावतात. हेरंब धामणस्कर त्यांच्याच हाताखाली शिकला. आता आमच्या सरकारी दवाखान्याचं नेटवर्क सांभाळतो. हुशार आहे, पण हुशारी जरा जास्तच दाखवतो. मी त्याच्या खोलीशेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत गॉजच्या घड्या घालते. मधलं दार लागत नाही, म्हणून सगळं दिसतं आणि ऐकू येतं.

मंगळवारी दुपारी नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणारी ती पेटी, चाळीस मिनिटं बंद पडली. नेमका तेव्हाच रखमाबाई पाष्टेंचा ईसीजी शहरातल्या डॉक्टरांना पाठवायचा होता. मोबाईलला रेंज नव्हती. ईसीजी गेला नाही.

रखमाबाई गेल्या.

आज गुरुवार. त्यांचा मुलगा सकाळपासून खाली बाकावर बसला होता. ओरडला नाही, रडला नाही. काय झालं ते लिहून द्या, एवढंच म्हणत होता. आणि ते लिहायचं होतं हेरंबला.

“चाळीस मिनिटं काय केलंस?” उस्तादांनी विचारलं.

“वायर बदलली. यूपीएस तपासला. व्होल्टेज मोजलं, दोनशे तीस. पेटी चालू व्हायची, दोन मिनिटांत पुन्हा बंद. शेवटी सिस्टरचा हात लागला तिला, तर चटका बसला. तिने वॉर्डातला टेबलफॅन आणून समोर लावला, तेव्हा कुठे टिकली.”

“तू हात लावला नव्हतास?”

“हात कशाला? आतला पंखा थांबला की अलार्म वाजतो. तुमच्या एक्स्चेंजसारखं नाही आता, उस्ताद.”

“मग वाजला?”

“बंद होता.”

“कोणी केला?”

“मीच. तीन आठवडे झाले. दोनातला एक पंखा थांबला होता, दुसरा फिरत होता. नवा मागवलाय. पण वॉर्डातले लोक कावले होते, म्हणून तात्पुरता…”

खोटं कशाला बोलू, कावलेल्यांत मीही होते. ‘अहो, डोकं उठलंय त्या आवाजाने, काहीतरी करा,’ असं मीच त्याला दोनदा जाऊन सांगितलं होतं. मंगळवारपासून मला जेवण जात नाही.

उस्तादांनी पेटीच्या मागच्या बाजूने दोन बोटं घातली आणि दुसऱ्या पंख्याच्या पात्यांत अडकलेलं काहीतरी ओढून काढलं. गॉजचे तंतू होते, धुळीने काळे पडलेले. माझ्याच खोलीतले. ते त्यांनी हेरंबच्या हातावर ठेवले.

हेरंबने ते मुठीत आवळले.

“मी लिहितो, पंख्यात अचानक बिघाड झाला. खोटं नाही ना ते?”

“अचानक?”

“उस्ताद, खरं लिहिलं तर नोकरी जाईल माझी.”

“हं.”

“आणि खरं लिहून ती बाई परत येणार आहे का?”

“नाही येणार.”

“मग तुम्हीच सांगा ना, काय लिहू?” आवाज चिरकला त्याचा. एवढा ताठ माणूस, पण मला त्याची दया आली. आणि रागही आला, त्याचा आणि माझाही.

“अलार्म चालू कर,” उस्ताद म्हणाले.

“आत्ता? वॉर्ड भरलाय.”

“कर.”

हेरंबने दोन-तीन बटणं दाबली. पेटी किंचाळायला लागली. तोच तो आवाज, कानात सळई घातल्यासारखा. वॉर्डातून लगेच कुणीतरी ओरडलं, “अरे बंद करा की ते! माणसं आजारी आहेत इथे!” माझ्याही तोंडात तेच आलं होतं. मी गिळलं.

हेरंबचं बोट बटणावर होतं.

“उस्ताद… करू बंद?”

उस्तादांनी टेबलावरचा कोरा कागद उचलला, घडी केली आणि आपल्या खिशात टाकला.

“खाली जा. त्या मुलाला वर घेऊन ये. हा तीन आठवडे का बंद होता, ते त्याला तोंडाने सांग. तो म्हणेल तेव्हा बंद कर.”