कुंभारआळीच्या टोकाचा ओला दगड

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला, पाऊस नाही.

करंजोळे गावच्या कुंभारआळीच्या टोकाला गुडघाभर उंचीचा एक काळा दगड उभा आहे. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. रोज सकाळी त्याच्यावर वाटीभर गोमूत्र मात्र ओततात. एखादा पाहुणा वाकून हात जोडायला लागला की आळीतले धोंडूतात्या त्याला अडवतात. "हात नका जोडू, पाव्हणं. देव न्हाई, कुत्र्याचा दगड हाय त्यो." मग ओट्यावर बसवून त्याची हकीकत सांगतात.

फार वर्षांपूर्वी या आळीत तान्हूबाई नावाची कुंभारीण राहत होती. नवरा वारलेला. नवरात्रात गावदेवीपुढे बसणारा घट देण्याचा मान तिच्या घराकडे होता, आणि त्या मानावरच तिचं गावातलं बसणं-उठणं होतं. शेजारी राणोजी धनगर राहायचा. त्याच्या कुत्र्याचं नाव खंड्या. दोन बिबटे परतवून लावलेलं जनावर होतं ते, असं सांगतात.

त्या साली भाद्रपदात तान्हूबाईने वळचणीला घटाची सात मडकी वाळत मांडली आणि पहाटे खंड्याने त्यांच्यावर पाय वर केला. कच्ची माती जागच्या जागी बसली. तिने सातही मोडली, जागा सारवली, पुन्हा सात घडवली. या वेळी मडक्यांभोवती गोमूत्राचं रिंगण शिंपडलं, म्हणजे जागा शुद्ध राहील. दुसऱ्या दिवशी खंड्या त्याच रिंगणावर मुतून गेला. चार मडकी भिजली.

ती राणोजीच्या दारात गेली. "भावजी, कुत्रं बांधा."

"बांधतो की. मग बिबट्या आला तर तुम्ही भुंकाल का, वहिनी?"

"माझा मान जाईल हो!"

"कुत्र्याला कुठला कळतोय तुमचा मान?" असं म्हणून राणोजी मेंढरांमागे निघून गेला.

गोष्ट देवळापर्यंत गेली. गुरवाने निरोप धाडला की ओवळं मडकं देवीपुढे बसणार नाही. अमावास्येपर्यंत चोख घट आला नाही, तर मान खालच्या गावच्या कुंभारांना देऊ. अमावास्येला नऊ दिवस होते. वाळायला सहा, भाजायला दोन. म्हणजे मडकी घडवायची संधी आता एकदाच.

तान्हूबाईने तळ्याची माती आणली, सात मडकी घडवली आणि रिंगण दुप्पट रुंद केलं. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, तीन वेळा गोमूत्र शिंपडायची. काठी घेऊन बसायची. पण डोळा लागला की खंड्या यायचाच. पहिल्या तीन दिवसांत तीन मडकी गेली. ती जितकं शिंपडायची तितका तो जास्त यायचा. चौथ्या दिवशी उजाडताना तिने भाकरीत काजऱ्याचं विष कालवलं.

त्या नादात सकाळचं शिंपण राहून गेलं होतं. गोमूत्राचं गाडगं पायरीखाली तसंच होतं, थोडं सांडलेलं. तिने भाकरी अंगणात ठेवली आणि दाराआड उभी राहिली.

खंड्या आला. उरलेल्या चार मडक्यांजवळून सरळ पुढे गेला. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. पायरीशी थांबून सांडलेलं गोमूत्र हुंगलं आणि गाडग्यावर पाय वर केला.

तान्हूबाई बघत राहिली. दुसऱ्या जनावराचा वास लागला की हा त्याच्यावर आपला वास टाकतो. म्हणजे इतके दिवस ती त्याला हाकलत नव्हती, बोलावत होती.

तोवर खंड्या भाकरीकडे वळला होता. त्याचं तोंड भाकरीला लागायच्या आत तिने अंगणात उडी घेतली आणि ती हिसकावून घेतली. कुत्रा गुरगुरला, दात तिच्या मनगटाला लागले. तिने मूठ सोडली नाही. भाकरी चुलीच्या विस्तवात टाकली.

मग तिने रिंगणाची माती खरवडून पाटीत भरली आणि वळचण साध्या पाण्याने धुतली. पाटी आळीच्या टोकाला नेऊन दगडाच्या बुडाशी ओतली आणि उरलेलं गोमूत्र दगडावर उपडं केलं. मनगटाला चिंधी बांधून राणोजीकडे गेली.

"भावजी, बांधू नका. रोज पहाटे पहिल्यांदा त्या दगडापर्यंत न्या, एवढंच."

राणोजीने चिंधी पाहिली. "हे खंड्यानं केलं?"

"मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला." घासात काय होतं तेही तिने सांगितलं.

दुसऱ्या पहाटे राणोजी खंड्याला घेऊन दगडापर्यंत गेला. खंड्याने दगड हुंगला आणि पाय वर केला. अमावास्येपर्यंतचे पाचही दिवस तसंच झालं. चार मडकी भट्टीत गेली. एक तडकलं, तीन निघाली. त्यातलं एक गुरवाने उचलून हुंगलं आणि आत नेलं.

आजही घट तान्हूबाईच्याच घरातून जातो. मडकी वळचणीला असेपर्यंत तिथे कोणी गोमूत्र शिंपडत नाही, आणि ज्याच्या घरी कुत्रं आहे तो पहाटे आधी दगडापर्यंत जाऊन येतो. यंदा आळीत अकरा कुत्री आहेत. वळचणीला सात मडकी मांडली होती. सातही कोरडी निघाली.