भुऱ्याच्या डोक्यातला माळी

फार जुन्या काळी धान्याच्या एका कणगीखाली भुऱ्या नावाचा उंदीर आणि त्याची बहीण सोजी राहत. दोघांच्या डोक्यात आठवणींची एकेक बाग होती आणि बागेत एक माळी. वाळक्या फांद्या छाटायच्या, ओल्या राखायच्या, हे त्याचं काम. पोटात राहणारे बारीक जीव कोंडा आंबवून त्याला रोज आंबट रस पाठवत. तो पिऊन माळ्याची नजर साफ होई, आणि "पोचला हो!" अशी हाक तो खाली देई.

दुपारी बहीणभाऊ डोक्याला डोकं लावून झोपले, की दोन्ही माळी गप्पा मारत. एकदा सोजीचा माळी म्हणाला, "आठ दिवस मी रस घेतला नाही. काही अडलं नाही."

भुऱ्याच्या माळ्याने लगेच पोटात निरोप धाडला, "घाणीत राहणाऱ्यांचा रस मलाही नको!"

"माळीदादा," खालून उत्तर आलं, "सोजी मादी, भुऱ्या नर. तिच्या माळ्याचं काही दिवस भागतं. तुमचं नाही भागायचं."

तरी माळ्याने रोज आलेला रस ओतून दिला. चौथ्या दिवशी त्याला सगळ्याच फांद्या वाळक्या दिसू लागल्या. त्याने सपासप छाटल्या.

संध्याकाळी भुऱ्या बिळाच्या तोंडाशी थबकला. आतून सोजी म्हणाली, "दादा, ये ना आत."

भुऱ्याने अदबीने विचारलं, "आपण कोण?"

माळ्याने पायाशी पाहिलं. छाटलेल्या फांदीतून अजून चीक गळत होता.

सकाळी नेहमीच्या वेळी रस आला, वाटी काठोकाठ भरून. सोबत एकही टोमणा नव्हता. माळी प्यायला. खाली सगळे हाकेची वाट बघत राहिले. त्याला तोंड उघडवेना.