ब्रोनाचं पिंप

वाजवू नका हो! आल्या आल्या प्रत्येकाचा हात त्या पिंपावरच कसा जातो? सव्वीस वर्षं झाली मला आयर्लंडच्या या बॅलिकोरा गावात पाहुण्यांना फिरवताना, आणि सव्वीस वर्षं हेच. ऐका आधी.

हे पिंप मॅलकी नावाच्या कारागिराचं. खिळा नाही, सरस नाही. नुसत्या ओकच्या फळ्या आणि लोखंडी पट्टे, तरी थेंब गळायचा नाही, असा त्याचा हात होता म्हणे. त्याची एकुलती एक लेक ब्रोना अमेरिकेला निघाली, तेव्हा त्यानं यात व्हिस्की भरली, बूच ठोकलं आणि सगळ्या गावासमोर शपथ घेतली, "ब्रोना परत येईल तेव्हाच हे उघडेन."

झालं! दरवर्षी तिचं पत्र यायचं, "बाबा, पुढच्या वर्षी नक्की." आता पिंप कितीही चांगलं असो, लाकडातून दारू थोडी थोडी उडतेच. तो देवदूतांचा वाटा, असं इथले लोक मानतात. मॅलकी रोज सकाळी हातोडीनं पिंपावर टकटक करायचा. आत किती उरलंय ते त्याला आवाजावरून कळायचं. वर्षागणिक आवाज पोकळ होत गेला. सोबतचे कारागीर विनवायचे, "अरे, लहान पिंपात काढून ठेव, निम्मी तरी वाचेल." पण काढायची तर उघडावं लागणार, आणि शपथ आडवी! मला त्या म्हाताऱ्याचा राग येतो, आणि तिचा तर त्याहून जास्त.

सदतीस वर्षांनी ब्रोना आली, असं सांगतात. थकलेल्या मॅलकीनं स्वतः बूच काढलं, पिंप आडवं केलं. पेल्यात थेंबसुद्धा पडला नाही.

"रोज ऐकत होतो गं," तो म्हणाला.

"मग मला कळवलं का नाहीत, बाबा?"

"काय कळवायचं? तू पुढच्या वर्षी येणारच होतीस."

आजही हे पिंप वेशीवर रिकामंच ठेवतात. गाव सोडणाऱ्याला "आलास की पिऊ" असं इथं कुणी म्हणत नाही. निघतानाच घोटभर पाजतात आणि मग त्याला हे वाजवायला लावतात, आत काही उरलेलं नाही हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून.

काय म्हणालात? मी कधी जाणार घरी? अहो, देवगडला आईला सांगितलंय ना, पुढच्या वर्षी नक्की.

हात काढा म्हटलं ना त्या पिंपावरून!