बेडकुलीचा उक

खोटं वाटलं तर माझा कान धरा. ही गोष्ट आहे एका डब्यातली. डबा लाडवांचा नाही. लाडू असते, तर मी गोष्ट सांगत बसलो असतो का? डबा होता कुहूच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा.

त्या कॉम्प्युटरवर एक खेळ होता. खेळात एक तळं. तळ्यात कमळाची पानं. पानावर एक बेडकुली. हिरवी हिरवी, एवढीशी. आणि पलीकडच्या काठावर तिचं पिल्लू.

कुहू बटण दाबायची. बेडकुली उडी मारायची. टुणुक, दुसऱ्या पानावर. टुणुक, तिसऱ्या पानावर. टुणुक टुणुक, पिल्लाजवळ.

एक दिवस काय झालं? कुहूने बटण दाबलं. बेडकुली उडाली. टुण्... आणि हवेतच राहिली. टुणुकमधला उक काही येईना. मग डुबुक, पाण्यात.

पुन्हा उडाली. टुण्... डुबुक.

बेडकुलीचा उक हरवला. पलीकडून पिल्लू हाक मारायला लागलं, "आई, ये ना."

कुहूचे बाबा म्हणाले, चित्रं अडकतात, म्हणजे ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं. ते काढू, नवं बसवू.

बेडकुली थांबली नाही. चित्रातून खाली उतरली. वायरीवरून घसरली. सुर्रर्र. थेट डब्यात. आता उक नाही, म्हणून ती अर्धीच उडी मारायची. टुण् टुण्. टुण् टुण्.

डब्यात राहतात चित्रेबाई. त्याच ग्राफिक्स कार्ड. सगळी चित्रं त्याच काढतात. सर्र सर्र.

"चित्रेबाई, चित्रेबाई, माझा उक काढा.
पलीकडे माझं पिल्लू रडतंय."

चित्रेबाई पदराने डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "मी चित्रं काढते, आणि हे मलाच काढायला निघालेत. विचारेसर सांगतील, तर मी काढीन."

टुण् टुण्. टुण् टुण्. बेडकुली गेली विचारेसरांकडे. तेच प्रोसेसर. सगळ्यांचा विचार तेच करतात. टक टक टक.

"विचारेसर, विचारेसर, माझा उक सांगा.
चित्रेबाई उक काढेनात.
पलीकडे माझं पिल्लू रडतंय."

सर म्हणाले, "आठवलेकाकू देतील, तर मी सांगीन."

टुण् टुण्. टुण् टुण्. बेडकुली गेली आठवलेकाकूंकडे. त्याच रॅम. लागेल ते सगळं ओंजळीत धरून उभ्या. पण ओंजळ केवढीशी. त्यात तळं, त्यात पानं, त्यात ढग. सारखं काहीतरी सांडायचं. टप टप.

"आठवलेकाकू, आठवलेकाकू, माझा उक द्या.
विचारेसर उक सांगेनात.
चित्रेबाई उक काढेनात.
पलीकडे माझं पिल्लू रडतंय."

काकू म्हणाल्या, "साठेआजोबा शोधतील, तर मी देईन."

टुण् टुण्. टुण् टुण्. बेडकुली गेली साठेआजोबांकडे. तीच हार्ड डिस्क. आजोबा काहीच टाकून देत नाहीत. कुहूच्या बारशाचे फोटोसुद्धा त्यांच्याकडेच. काही हवं असलं, की गरगर फिरून शोधतात. खर्र खर्र.

"साठेआजोबा, साठेआजोबा, माझा उक शोधा.
आठवलेकाकू उक देईनात.
विचारेसर उक सांगेनात.
चित्रेबाई उक काढेनात.
पलीकडे माझं पिल्लू रडतंय."

आजोबांना घाम फुटला होता. म्हणाले, "वारेवहिनी वारा घालतील, तर मी शोधीन."

टुण् टुण्. टुण् टुण्. बेडकुली गेली वारेवहिनींकडे. तोच पंखा. घुं घुं करत बसल्या होत्या.

"वारेवहिनी, वारेवहिनी, वारा घाला.
साठेआजोबा उक शोधेनात.
आठवलेकाकू उक देईनात.
विचारेसर उक सांगेनात.
चित्रेबाई उक काढेनात.
पलीकडे माझं पिल्लू रडतंय."

वहिनींचं नाक धुळीने चोंदलेलं. म्हणाल्या, "कुहू धूळ झाडेल, तर बी वारा घालीद."

टुण् टुण्. टुण् टुण्. बेडकुली आली डब्याच्या फटीशी. बाहेर कुहूचा कान होता.

"कुहू, कुहू, धूळ झाड.
वारेवहिनी वारा घालेनात.
साठेआजोबा उक शोधेनात.
आठवलेकाकू उक देईनात.
विचारेसर उक सांगेनात.
चित्रेबाई उक काढेनात.
पलीकडे माझं पिल्लू रडतंय."

कुहू म्हणाली, "आलेच हं."

आणि पळाली वंदूआत्याकडे. वंदूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला डब्यातले सगळे नावानिशी ठाऊक. आत्याने आधी बटण बंद केलं. मग स्क्रू काढले. आत धुळीचा गोळा, मांजराएवढा. बरं, उंदराएवढा. कुहूने मऊ ब्रशने झाडला. आक्छी. वारेवहिनी शिंकल्या, नाक मोकळं झालं.

बटण सुरू. मग काय?

वारेवहिनींनी वारा घातला.
साठेआजोबांनी उक शोधला.
आठवलेकाकूंनी ओंजळ पुढे केली.
उक ओंजळीत पडला. आणि सांडला. टप.

आजोबांनी पुन्हा शोधला. काकूंनी पुन्हा ओंजळ केली. पुन्हा टप. काकू रडवेल्या झाल्या. बेडकुली मटकन खाली बसली. पलीकडचं पिल्लू आता हाकसुद्धा मारत नव्हतं.

कुहूने टप ऐकलं. म्हणाली, "आत्या, काकूंच्या हातात मावत नाहीये गं."

आत्याने पुन्हा बटण बंद केलं. वाकून पाहिलं. काकूंच्या शेजारची जागा रिकामी. किती वर्षांची रिकामी. तिथे कधी कुणी बसलंच नव्हतं.

बाबा अजून नव्या कार्डाचंच बोलत होते. आत्या म्हणाली, "दादा, ओटा वीतभर, आणि तू शेगडी बदलायला निघालास. चित्रेबाई राहू देत. ह्या काकू एकट्या पडल्यात."

बाबांनी डोकं खाजवलं. खाजवत खाजवत हो म्हणाले. चित्रेबाईंनी पदर खाली सोडला.

संध्याकाळी आत्या नवी रॅम घेऊन आली. हिरवी, चपटी पट्टी. रिकाम्या जागेत बसवली. खट्. या आठवलेकाकूंच्या धाकट्या जाऊबाई. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन हातांचे चार हात झाले. ओंजळ केवढी मोठी झाली.

बटण सुरू.

वारेवहिनींनी वारा घातला.
साठेआजोबांनी उक शोधला.
दोघी जावांनी उक दिला. एक थेंबही सांडला नाही.
विचारेसरांनी उक सांगितला.
चित्रेबाईंनी उक काढला, छान गोल गोल.

बेडकुली वायरीवरून वर चढली. पानावर बसली. कुहूने बटण दाबलं.

टुण्...

उक.

पुढच्या पानावर टुणुक. त्याच्या पुढच्या पानावर टुणुक. टुणुक टुणुक टुणुक. आला की काठ.

पिल्लू रडून रडून झोपी गेलं होतं. बेडकुलीने त्याला पोटाशी घेतलं. पिल्लाने एक डोळा उघडला. म्हणालं, "किती उशीर केलास."

बेडकुली म्हणाली, "आले ना रे."

बाबा म्हणाले, कुहू, दाब की, पुढचं तळं येईल.

कुहूने बटणावरचं बोट हळूच उचललं.

"थांब ना, बाबा. ती आत्ताच पोचलीये."