सावळीचा रंग

फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांच्या मधोमध एक चिमुकलं राज्य होतं. एवढं लहान, की तिथे राजा एक, बाजार एक आणि आगगाडीही एकच. ती गाडी ओढणाऱ्या इंजिनाला लोक लाडानं सावळी म्हणत. सावळी घाट चढायला लागली की तिची शिट्टी साऱ्या गावाला ऐकू यायची आणि बायका चुलीवर भात चढवायच्या.

सावळी चालवायचा हैबती. तरुणपणी तो तिच्यावर चढला, तो केस पांढरे होईपर्यंत उतरला नाही. पुढे सावळी थकली. तिच्या जागी नवं इंजिन आलं आणि तिला मोडीत काढलं. हैबतीलाही त्याच वेळी घरी बसवलं. निरोपाची भेट म्हणून त्याला एक लाकडी पेटी मिळाली. समुद्रापारच्या ज्या कारखान्यात सावळी घडली होती, तिथूनच ती आली होती. पेटीत पितळेचे पातळ पत्रे होते आणि त्यांवर सावळीचा एकेक भाग बारीक रेषांनी कोरलेला होता. भाग कापायचे, वाकवायचे, वितळलेल्या कथलाचा डाख देऊन जोडायचे, की झाली हातभर लांबीची सावळी तयार!

"आता निवांत बसून जोडीन," हैबती म्हणाला होता. पण त्याच्या नशिबी निवांतपणा नव्हता. तो हळूहळू सगळं विसरू लागला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराची वाट. एका सकाळी तर त्यानं स्वतःच्या बायकोलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

ठकूबाई तिचं नाव. लाकडी खेळणी रंगवण्यात तिचा हातखंडा होता. त्या दिवशी तिनं डोळे पुसले, पेटी उचलली आणि तांबटआळीत विसोबाचं घर गाठलं. विसोबा हा राज्यातला नावाजलेला तांबट आणि हैबतीचा लहानपणापासूनचा मित्र.

"भावजी, ते रोज सावळीला शोधतात," ती म्हणाली. "गाडीची वेळ झाली म्हणतात आणि उठून चालायला लागतात. माणसं विसरले, पण तिला नाही विसरले. तुम्ही एवढी जोडून द्याल का? जवळ असली तर जिवाला थारा मिळेल त्यांच्या."

"द्याल का काय विचारता, वहिनी?" विसोबा म्हणाला. "ठेवा इथे."

विसोबानं घागरी, हंडे सगळं बाजूला सारलं. त्यानं नाजूक कातरीनं एकेक भाग सोडवला, कानशीनं कडा साफ केल्या, पत्रा लाटण्यावर वळवून बॉयलर केला. चाकांचे आरे तर दाताच्या काडीपेक्षा बारीक. डाख असा दिला की सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये. मग चिंच आणि राख लावून त्यानं ती छोटी सावळी घासली. उन्हात धरली तेव्हा तिच्याकडे बघवेना, इतकी ती झळाळली.

ही बातमी आळीभर झाली. लोक बघायला येऊ लागले. खुद्द महाराज आले आणि म्हणाले, "विसोबा, ही आमच्या दरबारातल्या काचेच्या कपाटात शोभेल."

"महाराज, ही मित्राची आहे," विसोबा हात जोडून म्हणाला. पण खरं सांगायचं तर ते शब्द त्याच्या मनात घर करून बसले. मुलांनो, कौतुक गोडच लागतं. मोठ्यांनाही लागतं.

ठरल्याप्रमाणे तो इंजिन घेऊन हैबतीकडे गेला. हैबती ओसरीवर बसला होता. विसोबानं फडकं बाजूला केलं आणि श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

हैबतीनं इंजिन हातात घेतलं, इकडून तिकडून पाहिलं आणि अदबीनं परत दिलं. "छान आहे हो," तो म्हणाला. "कुणाच्या देवघरातलं?"



ठकूबाई त्याला हळूच आत घेऊन गेली. "भावजी, काम लाखात एक झालंय. पण सावळी अशी नव्हती. तिला रंग द्यायला हवा."

"रंग? हे पितळ झाकायचं?"

"नुसतं झाकून चालायचं नाही. गुळगुळीत पितळेवर रंग धरत नाही. आधी काचकागदानं घासून सगळी चमक घालवावी लागेल."

विसोबाचा चेहरा उतरला. "त्याला आता काय कळतंय, वहिनी! सोन्याची घडवली असती तरी तो हेच म्हणाला असता."

विसोबानं इंजिन फडक्यात गुंडाळलं आणि तो घरी निघून आला. त्यानं ते फळीवर ठेवलं. येणारेजाणारे वाहवा करत राहिले, पण आता ती वाहवा त्याला पहिल्यासारखी गोड लागेना. आपण बोललेलं वाक्य त्याच्या कानातून जात नव्हतं.

असेच काही दिवस गेले. थंडी पडली. एका सकाळी दाट धुकं उतरलं होतं आणि ठकूबाई धापा टाकत दारात आली. "भावजी, हे घरात नाहीत. दार उघडून गेलेत कुठेतरी."

विसोबा घोंगडी घेऊन धावला. बाजार पाहिला, नदी पाहिली. नदीकाठी उभं राहून त्यानं हाका मारल्या. मग त्याला सुचलं आणि तो घाटाखालच्या जुन्या रुळांकडे वळला. सावळी जिथे रात्रीची उभी राहायची, तिथे आता रुळांमध्ये गवत माजलं होतं. त्या गवतात हैबती उकिडवा बसला होता. अंगात नुसता सदरा. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

विसोबानं त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि तो शेजारी टेकला.

हैबतीनं त्याच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, पण राग किंवा भीतीही नव्हती. "तुम्हीपण गाडीसाठी आलात?" त्यानं विचारलं.

"हो," विसोबा म्हणाला.

"उशीर झालाय आज. येईल. ती काळी दिसली की समजा आली." मग त्यानं भाकरी मोडली आणि अर्धी पुढे केली. "घ्या. उपाशी वाट बघू नये माणसानं."

विसोबानं ती अर्धी भाकरी घेतली. ज्याला काही कळत नाही असं आपण म्हणालो, त्याला परक्या माणसाची भूक कळत होती. आणि आपल्याला मित्राची कळली नव्हती.

हैबतीला घरी पोचवून विसोबा परतला. फळीवरचं इंजिन काढून त्यानं मांडीवर घेतलं आणि काचकागद लावला. पहिला ओरखडा उमटला तेव्हा त्यानं एकदा तो निरखून पाहिला. मग मात्र तो थांबला नाही. बॉयलर, धुरांडं, चाकं, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं घासून निस्तेज केलं आणि ते ठकूबाईच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"वहिनी, मी त्या दिवशी वाईट बोललो."

"सांधे किती सुरेख घातलेत तुम्ही," ती एवढंच म्हणाली आणि तिनं रंग खलायला घेतला.

आधी रंग नीट धरावा म्हणून अस्तराचा हात दिला. मग काळा. पण नुसता काळा तिला पटेना. "जन्मभर मी त्यांचे कपडे धुतलेत," ती म्हणाली. "त्या काजळीत जरा निळं असायचं." तिनं चिमूटभर नीळ मिसळली. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं पुढची पट्टी लाल केली, चाकांपाशी गंजाचा हात फिरवला, शिट्टीखाली पाणी ओघळून पडलेला पांढरा डागही काढला. विसोबा शेजारी बसून ती सांगेल तसं इंजिन वळवून धरत होता. त्याचं पितळ तसूतसूनं दिसेनासं होत होतं आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

रंग वाळल्यावर दोघांनी ते ओसरीवर नेलं. हैबती भिंतीला टेकून बसला होता. त्यानं इंजिन पाहिलं आणि तो ताठ बसला.

"अगं, आलीस होय!" तो म्हणाला.

त्यानं ते उचलून छातीशी धरलं. पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला. "इथे नेहमी गळायचं," तो ठकूबाईला सांगू लागला. मग विसोबाकडे वळला. "एकदा घाटात हिची नळी फुटली. भर पावसात माझा दोस्त डोंगर चढून आला आणि डाख देऊन गेला. विसोबा तांबट. तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखतो," विसोबा कसंबसं म्हणाला.

"फार चांगला माणूस. भेटला तर सांगा, हैबती आठवण काढत होता."

विसोबानं मान हलवली.

त्या दिवसानंतर हैबती घर सोडून कधी गेला नाही. सावळी त्याच्या उशाशी असायची. इतर गोष्टी तो विसरतच गेला, पण विसोबा रोज येऊन बसायचा आणि हैबती त्याला, जणू नव्यानंच, त्याच्या त्या जिवलग दोस्ताच्या गोष्टी सांगायचा. महाराजांनी एकदा विचारलं, "विसोबा, तुझी ती झळाळी कुठे गेली?" तेव्हा तो हसून म्हणाला, "महाराज, ज्याची होती त्याच्या घरी गेली."

तात्पर्य : दुसऱ्यासाठी काही करताना आपली कला किती दिसली हे पाहू नये, त्याच्या मनाला काय हवं आहे ते पाहावं.