चुकलेली बुडी

ओढ्याला बारमाही पाणी असायचं, तेव्हाची गोष्ट. काठच्या उंबरावर निळू नावाचं खंड्याचं पिल्लू राहायचं. पहिल्याच बुडीत त्यानं मासा पकडला आणि बगळ्यांनी एकच गलका केला, "उपजत शिकारी आहे हो पोरगं!"

निळूची छाती फुगली, पण मनात धाकधूकही शिरली. पुढची बुडी चुकली तर? तो फक्त काठालगतचे बारके मासे टिपू लागला. उन्हाळ्यात मासे डोहाच्या तळाशी गेले, तेव्हा "भूकच नाही" म्हणत फांदीवर बसून राहिला.

शेवटी पोट गप्प बसू देईना. त्यानं डोहात बुडी मारली आणि रिकाम्या चोचीनं वर आला. बगळ्यांनी माना फिरवल्या. खडकावरची कासवआजी तेवढी म्हणाली, "आज खोल गेलास रे! पंख मात्र जरा उशिरा मिटलेस."

निळूनं पंख लवकर मिटून पुन्हा बुडी मारली. चुकला. पुन्हा मारली. ऊन कलताना त्याच्या चोचीत मासा तडफडत होता.

"उपजतच..." आई बोलता बोलता थांबली. "कसं जमवलंस रे?"

"सांगतो," म्हणत निळूनं आधी तो मासा आजीच्या खडकावर नेऊन ठेवला. "आजी, पकडलेला मासा सगळ्यांनी पाहिला. चुकलेली बुडी तू एकटीनं पाहिलीस."